जेवणाआधीची दहा मिनिटं

वडगाव हा बेळगावचा दक्षिणेकडचा जुना भाग, शहापूर आणि खासबागला लागून असलेला. घराघरांत माग, पूर्वी हातमाग, आता बहुतेक यंत्रमाग. आषाढात मंगाईदेवीची जत्रा. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्ही भाषा सहज बोलणारी मुलं. विणकरांच्या या वस्तीत आणि तिच्या आसपास ख्रिस्ती घरं थोडी. पण यांतल्या ज्या घरांनी जुना रिवाज सांभाळला आहे, तिथे दिवेलागण झाली आणि जेवणाची तयारी होत आली की टीव्ही बंद होतो, चटई अंथरली जाते आणि हाक येते, “प्रार्थनेला बसा.”

पुस्तकात या रिवाजाला कौटुंबिक उपासना म्हणतात. घरात तिला नुसतं ‘प्रार्थना’ म्हटलं की पुरतं. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, त्यावर आईचे किंवा वडिलांचे चार शब्द, मग प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटं, फार तर पंधरा. इथे पाळक नसतात, वेदी नसते, दानपेटी फिरत नाही. चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदली जातात; कोणत्या घरात किती वर्षं ही चटई रोज अंथरली गेली, याची नोंद कुठेच होत नाही. तरीही ख्रिस्ती श्रद्धा आईबापांकडून मुलांकडे नेणारी सगळ्यांत टिकाऊ व्यवस्था कोणती, असं कुणी विचारलं तर मी या दहा मिनिटांचंच नाव घेईन. वर्षात रविवार बावन्न असतात आणि संध्याकाळी तीनशे पासष्ट.

बेळगावात हा रिवाज कुठून आला, हे पाहू लागलं की फार लांबवर जावं लागतं. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून बेळगावला आले आणि त्यांनी इथे काम सुरू केलं. त्या मिशनच्या शाळेचा वारसा आज बेननस्मिथ हायस्कूल या नावाने बेळगावकरांना ठाऊक आहे. बेनन आणि स्मिथ हे दोघे त्याच मिशनचे कार्यकर्ते. १९०४ मध्ये हे सगळं काम अमेरिकन मेथॉडिस्टांकडे सोपवण्यात आलं आणि बेळगावची मंडळी मेथॉडिस्ट झाली. त्यामुळे इथल्या मराठी मेथॉडिस्ट घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचा माग काढत गेलं की आपण इंग्लंडमधल्या एपवर्थ नावाच्या गावी, एका पाळकाच्या घरात पोचतो. त्या घरच्या बाईंचं नाव सुझॅना वेस्ली.

सुझॅना १६६९ मध्ये लंडनला जन्मल्या. त्या आपल्या आईवडिलांचं पंचविसावं अपत्य. त्यांना स्वतःला एकोणीस मुलं झाली आणि त्यांतली दहाच जगली. पैशाची ओढाताण कायमची. १७०९ च्या फेब्रुवारीत घराला आग लागली. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला आणि शेवटच्या क्षणी त्याला खिडकीतून बाहेर काढलं. पुढे मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक म्हणून जगाला माहीत झालेला जॉन वेस्ली तो हाच. घर पुन्हा बांधून होईपर्यंत मुलं वेगवेगळ्या घरी राहिली आणि परत आली ती नको त्या सवयी घेऊन. सुझॅनाबाईंनी त्यानंतर जे सुरू केलं ते मला या विषयातलं सगळ्यांत मोठं आश्चर्य वाटतं. आठवड्यातली प्रत्येक संध्याकाळ त्यांनी मुलांना वाटून दिली. सोमवारी मॉली, मंगळवारी हेटी, बुधवारी नॅन्सी, गुरुवारी जॉन, शुक्रवारी पॅटी, शनिवारी चार्ल्स, रविवारी एमिली आणि सुकी. त्या त्या मुलाला एकट्याला घेऊन बसायचं, त्याच्याशी देवाबद्दल आणि त्याच्या मनात चाललेल्या गोष्टींबद्दल बोलायचं. घर भरलेलं असताना आईने प्रत्येक लेकरासाठी ठरलेला वेळ काढणं ही गोष्ट किती अवघड आहे, ते चार मुलांच्या आईला विचारावं. तिशीला टेकलेल्या जॉनने आईला पत्रातून विनवलं होतं, की त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडासा वेळ अजूनही मला देता आला तर बरं होईल. तेव्हा तो ऑक्सफर्डमध्ये शिकवत होता.

सुझॅनाबाईंची आणखी एक गोष्ट. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी अक्षरओळख. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास, आणि एका दिवसात सगळी मुळाक्षरं. दोनच मुलींना दीड दिवस लागला. अक्षरं येताच हातात पुस्तक म्हणून उत्पत्तीचा पहिला अध्याय. प्रभूची प्रार्थना मात्र त्याच्या कितीतरी आधी, बोलता येऊ लागल्याबरोबर, उठताना आणि निजताना. त्यांची शिस्त आजच्या मानाने फार कडक होती. लहानग्याने रडायचं तेही हळू, असा त्या घरचा नियम. तेवढा भाग आपण घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठरलेला वेळ आणि एकेका मुलाकडे दिलेलं लक्ष हे मात्र जसंच्या तसं घेण्यासारखं.

१७११ चा हिवाळा. पती लंडनला धर्मसभेसाठी गेलेले. त्यांच्या जागी आलेल्या सहायकाची प्रवचनं कोरडी होती. म्हणून सुझॅनाबाई रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन घरीच उपासना करू लागल्या. नोकर बसू लागले, नोकरांचे आईवडील आले, शेजारी आले, आणि काही आठवड्यांत दोनशेच्या वर माणसं त्या घरात आणि घराबाहेर उभी राहून ऐकू लागली. सहायकाने तक्रार केली, पतींनी पत्राने बंद करायला सुचवलं. त्यावर बाईंनी कळवलं, की सुचवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे जबाबदारी तुमची राहील. हुकूम आला नाही. पुढे जॉन वेस्लीने १७४२ पासून आपल्या लोकांना बाराबाराच्या छोट्या गटांत बांधलं. हे गट घरांतून जमत. आईच्या स्वयंपाकघरात त्याने जे पाहिलं होतं त्याचाच तो विस्तार, असं मला वाटतं. मुंबईतली मेथॉडिस्ट मंडळीसुद्धा अशीच घरांतून उभी राहिली. विल्यम टेलर नावाचे अमेरिकन प्रचारक १८७१ मध्ये मुंबईला आले आणि त्यांनी आधी माणसांचे गट घराघरांत जमवले. चर्चच्या इमारती नंतर आल्या.

अर्थात घरातल्या उपासनेची आज्ञा याहून कितीतरी जुनी. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएली आईबापांना सांगितलं आहे, की देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. मंदिराचा उल्लेखही तिथे नाही. जागा सांगितली आहे ती घर, वाट आणि अंथरूण. नव्या करारात पौल तरुण तीमथ्याला पत्र लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडे असल्याचं नाव घेऊन सांगतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, तेव्हा प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिलं, की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसं शिकवावं. स्कॉटलंडचे लोक तर याहून पुढे गेले. तिथल्या चर्चच्या महासभेने १६४७ च्या ऑगस्टमध्ये कौटुंबिक उपासनेची नियमावलीच काढली. जो कुटुंबप्रमुख घरात उपासना चालवणार नाही त्याला आधी खाजगीत समज, मग वडीलमंडळींसमोर समज, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजनाला बंदी. घरच्या चटईवरची हयगय इतकी गंभीर मानणारा काळ होता तो.

त्याच काळात इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री नावाच्या पाळकाला १६६२ च्या कायद्यामुळे चर्च सोडावं लागलं. व्यासपीठ गेलं, घर उरलं. ते सकाळ-संध्याकाळ मुलांना शास्त्र वाचून समजावून सांगत, आणि मुलं ते उतरवून घेत. त्यांतला मॅथ्यू हेन्री मोठा होऊन संपूर्ण पवित्र शास्त्रावर टीका लिहायला बसला. तीनशे वर्षांनंतरही पाळकांच्या कपाटात दिसणाऱ्या त्या टीकेचं मूळ म्हणजे एका बापाने घरात मुलांपुढे केलेलं निरूपण.

आता आपल्याकडे यावं. मराठी ख्रिस्ती साहित्यातलं सगळ्यांत जुनं मोठं लेणं म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. गोव्यातल्या राचोल इथे १६१६ मध्ये ते छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या घरात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि ऐकायला, म्हणायला, मुलांना सांगायला काही हवं होतं. त्यांच्यासाठी ओवीत लिहिलेलं हे पुराण. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि आज त्यांतली एकही छापील प्रत सापडत नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज धरावी असं फर्मानही काढलं होतं. तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला होता. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला तो हस्तलिखितांच्याच आधारावर. घरात वाचलं जाणारं पुस्तक राज्यकर्त्यांच्या फर्मानाला कसं पुरून उरतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

बेळगावकरांनी अभिमानाने सांगावं असं नाव म्हणजे बाबा पदमनजी. १८३१ मध्ये ते बेळगावातच जन्मले. पोथ्यापुराणं, उपासतापास आणि व्रतं असलेल्या कासार कुटुंबात वाढले, इथल्या मिशन शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. नव्या करारावर त्यांनी मराठीतून टीका लिहिली, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं. घरी पोथी वाचायची, घरच्यांनी भोवती बसून ऐकायची, ही रीत त्यांच्या पिढीच्या अंगात मुरलेली होती. मराठी ख्रिस्ती माणसाला घरी बसून शास्त्र वाचणं कधी परकं वाटलं नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं. ग्रंथ बदलला, मोठ्याने वाचणं, सगळ्यांनी ऐकणं आणि शेवटी हात जोडणं या गोष्टी त्याच्या ओळखीच्याच होत्या. आजही वडगावच्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी एका घरातून ‘शुभं करोति’, दुसऱ्यातून हरिपाठ आणि तिसऱ्यातून प्रभूची प्रार्थना ऐकू येऊ शकते, आणि तिन्ही घरांतली मुलं थोड्या वेळापूर्वी एकत्र खेळत असतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर याहून विलक्षण. १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या मराठी मुलीला तिच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, पहाटे उठवून शिकवलं. बारा वर्षांची होईपर्यंत रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा दिला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. अल्पशिक्षित बाईला ते स्वतः वाचता यावं हा हेतू. एप्रिल १९२२ मध्ये काम हातावेगळं होतानाच त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. पहाटे आईजवळ बसून पाठांतर केलेली मुलगी शेवटी दुसऱ्या आयांच्या हातात वाचता येईल असं पुस्तक देऊन गेली.

आणि गाणं. रेव्हरंड नारायण वामन टिळक नसते तर मराठी घरातल्या उपासनेत बराच काळ परक्या चालीच ऐकू आल्या असत्या. सुरुवातीची पुष्कळ मराठी ख्रिस्ती गीतं इंग्रजी चालींवर बेतलेली होती. लहान मुलांच्या जिभेवर ती अडखळत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी भजन-कीर्तनाची वाट धरली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओवी, साकी, दिंडी या घरच्या छंदांत ख्रिस्ताला गायलं. त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात ते उगीच नाही. ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पंथोपंथी चालतो आणि त्यात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे. मुलाला गीताचं पान आठवत नाही, नंबर आठवतो. घरात गीत सांगायचं ते नंबराने. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचं घर मोडलं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि मग ते घर स्वतःच्या आणि सांभाळलेल्या मुलांनी भरून गेलं. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी लिहून काढलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने हे केलं, ही गोष्ट त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कुणालाही नवल वाटण्यासारखी नाही.

मुलांना घेऊन ही दहा मिनिटं रोज चालवायची कशी, हा खरा कामाचा प्रश्न. त्याचं पहिलं उत्तर वेळेत आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासा-दिवसांतच झपाट्याने विसरलं जातं आणि उजळणी झाली तरच टिकतं. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं मुलाच्या डोक्यात जास्त राहतात. वेळ कोणतीही चालते, पण ती कशाला तरी बांधलेली हवी. जेवणाला बांधली तर उत्तम, कारण भूक रोज लागते. ज्या घरात वडील मागाच्या रात्रपाळीला जातात तिथे ती सकाळच्या चहाला बांधतात.

वाचायचं काय, यात हिशेब उपयोगी पडतो. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय. वर्षात सगळं संपवायचं तर रोज तीनाहून जास्त अध्याय, आणि लेवीयापर्यंत पोचता पोचता मुलं पेंगतात. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकचेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वाचनाचं जे वेळापत्रक केलं, त्यात कुटुंबाने वाचायचं आणि एकट्याने वाचायचं असे दोन वेगळे भाग ठेवले. ती समज मला फार मोलाची वाटते. लहान मुलं असलेल्या घराने मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करावं. सोळाच अध्याय, आणि गोष्ट धावते. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय, म्हणजे रोज एक धरला तर तीन महिने. नीतिसूत्रांचे अध्याय ३१. तारीख पाहायची आणि त्या नंबराचा अध्याय उघडायचा, ही युक्ती पुष्कळ घरांत चालते. स्तोत्रसंहितेत ११९ वं स्तोत्र १७६ वचनांचं आणि ११७ वं अवघ्या दोन. ज्या मुलाच्या पाळीला ११७ वं येतं त्याचा आनंद पाहण्यासारखा असतो.

वाचन आळीपाळीने, प्रत्येकाने एकेक वचन. वाचता न येणाऱ्या छोट्याने मोठ्याच्या मागून म्हणायचं. “आज माझी पाळी हाय की!” असं एखादं पोर तक्रारीच्या सुरात म्हणतं तेव्हा समजावं, की बस्तान बसलं. मग एकच प्रश्न, आणि तो परीक्षेचा नको. ‘या गोष्टीत तू कोण झाला असतास?’ हा माझ्या मते सगळ्यांत चांगला, कारण शास्त्रातल्या कितीतरी गोष्टी मुलांवरच उभ्या आहेत. रात्री देवाची हाक ऐकतो तो छोटा शमुवेल. म्हाताऱ्या एलीला ती ऐकू येत नाही. बाळ मोशेवर नदीकाठी पाळत ठेवते ती त्याची बहीण. कोडाने पीडलेल्या नामान सेनापतीला बरं होण्याची वाट सांगते ती घरातली एक दासी मुलगी, जिचं नावही लिहिलेलं नाही. पाच हजारांना पुरलेल्या पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाच्या शिदोरीतले. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारतो. मूल या गोष्टी ऐकतं आणि त्यात आपली जागा ओळखतं. तिथे वेगळा उपदेश लागत नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत सोडून द्यावं. टाळ्या, एक कडवं, एक वाक्य, पुरे. सात-आठ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक वचन तोंडपाठ करायला आवडतं, आणि त्या वयात केलेलं पाठांतर म्हातारपणापर्यंत सोबत येतं. तेरा-चौदाच्या मुलाला मात्र श्रोता म्हणून बसवून ठेवलं की तो दुरावतो. त्याच्या हाती पेटी द्यावी, गीत त्याने निवडावं, आठवड्यातली एक संध्याकाळ त्याने चालवावी. तो अडचणीचे प्रश्न विचारील: अब्राहामाने इसहाकाला वेदीवर का ठेवलं, भल्या माणसाला दुखणं का येतं. अशा वेळी ‘मला नीट माहीत नाही, रविवारी पाळकसाहेबांना विचारू’ म्हणणाऱ्या बापाचा मान कमी होत नाही. आणि खरंच रविवारी विचारलं, तर तो वाढतो.

प्रार्थनेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. प्रार्थनेत टोमणे नकोत. ‘प्रभू, आमच्या राहुलला अभ्यासाची बुद्धी दे’ असं सगळ्यांदेखत डोळे मिटून म्हटलेलं वाक्य देवापर्यंत पोचो न पोचो, राहुलपर्यंत नक्की पोचतं, आणि तो या चटईपासून दूर जाऊ लागतो. मुलाच्या प्रार्थनेत दुरुस्तीही करू नये. त्याने मांजरासाठी, उद्याच्या गणिताच्या पेपरासाठी, शेजारच्या काकींच्या गुडघ्यासाठी मागितलं तर तेच आमेन म्हणून घ्यावं. सूत महागलं, माग बंद पडला, घरातलं कुणी दवाखान्यात आहे, अशा गोष्टी मुलांदेखत देवापुढे ठेवाव्यात. आईबापांचा भरवसा कुणावर आहे हे त्यांना तिथे दिसतं. दिवसभरात मुलावर उगाच ओरडला असाल तर प्रार्थनेआधी त्याची माफी मागावी. आणि एखाद्या दिवशी नाहीच जमलं, तर दुसऱ्या दिवशी बसावं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट वेळ बसवलेली मुलं मी कंटाळलेलीच पाहिली आहेत.

कॅथलिक घरांत याच वेळेला रोझरी होते. बेळगावच्या कॅथलिकांचा गोव्याशी जुना संबंध. १९५३ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोही गोव्याच्या महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन. गोव्याकडच्या घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे हीच रोझरी, झाली, की मुलं एकेका वडीलधाऱ्यापुढे हात जोडून उभी राहतात आणि ‘बेसांव’ मागतात, म्हणजे आशीर्वाद. आजोबा, आजी, आई, बाबा, मोठी भावंडं, सगळ्यांकडून. मला ही रीत इतकी सुंदर वाटते, की प्रॉटेस्टंट घरांनीही ती उचलावी असं म्हणावंसं वाटतं.

अशा घरगुती प्रार्थनेचा आवाका किती मोठा होऊ शकतो, याचं उदाहरण निपाणीपलीकडे कोल्हापुरात आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट तिथेच १८६३ मध्ये जन्मला. कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला परतल्यावर रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस रात्री घरात एकत्र बसून एकच मागणं मागत, की हजार विद्यार्थ्यांनी मिशनकार्याला जावं. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुण तयार झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीतून पुढच्या दशकांत वीस हजारांवर माणसं जगभर गेली. ग्रेस स्वतः कोल्हापूरच्या मुलखात परत आली आणि खेड्यांत राहून काम करत राहिली.

सीमाभागात या उपासनेने आणखी एक काम केलं आहे, ज्याचा फारसा उल्लेख होत नाही. इथलं मूल इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकत असलं तर त्याला मराठी मजकूर मोठ्याने वाचायची वेळ शाळेत क्वचितच येते. पण ज्या घरात रोज मराठी पवित्र शास्त्र वाचलं जातं, तिथे ते दहावी होईपर्यंत हजारो वचनं देवनागरीत, मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचून झालेलं असतं. अनुग्रह, नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, तारणारा असे भारदस्त शब्द त्याच्या तोंडी सहज बसतात, जोडाक्षरं अडत नाहीत, आणि विरामावर थांबायचं हे कुणी न सांगता कळतं. मराठीच्या शिक्षकांनी या चटईचे आभार मानावेत.

आता मुलं पुण्याला, बेंगळुरूला, आखातात नोकरीला जातात. काही घरांनी चटईशेजारी फोन उभा करायला सुरुवात केली आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तेव्हा वडगावात रात्री साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सात. तिकडचा नातू आवाज थोडा मागेपुढे होत असला तरी आपल्या पाळीचं वचन वाचतो, आणि आजी तेवढ्यापुरता चष्मा काढून फोनकडे बघते. गीत मात्र दोन्हीकडून एकदम म्हणायला गेलं की आवाज मागेपुढे होऊन ताल चुकतो. म्हणून गायचं एकाच बाजूने, एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे.